पॉलिसीतून डोमेन काढलं, तरी जुना ईमेल पत्ता का राहतो?

कंपनीचं नाव बदलतं, नवं डोमेन येतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी वरून विचारणा होते: जुन्या डोमेनचे पत्ते अजून का दिसतायत? काढून टाका एकदाचे. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) सांभाळणारा ॲडमिन मग ईमेल ॲड्रेस पॉलिसी उघडतो, जुन्या डोमेनची ओळ खोडतो, 'अप्लाय' दाबतो. नंतर बघावं तर सगळे पत्ते जागच्या जागी!

यात बिघाड काहीच नाही. पॉलिसीतून डोमेन काढणं आणि खात्यावरचा पत्ता काढणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, आणि पहिलं केल्यानं दुसरं होत नाही. पॉलिसी हा पत्ते तयार करण्याचा नियम. ती पत्ते घालते, पण घातलेले परत घेत नाही. उलट नव्या डोमेनचा पत्ता तिने मुख्य केला, की आधीचा मुख्य पत्ता ती दुय्यम म्हणून ठेवून देते. हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर डोमेन बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या गिऱ्हाइकांची पत्रं परत गेली असती.

प्रत्यक्ष पत्ते असतात ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतल्या सगळ्या खात्यांची मध्यवर्ती नोंदवही), प्रत्येक खात्याच्या 'प्रॉक्सी ॲड्रेसेस' या यादीत. समजा खरेदी विभागाची मेलबॉक्स आहे. तिच्या यादीत कॅपिटल अक्षरांतल्या 'एसएमटीपी'ने (मेल पोचवण्याच्या पद्धतीचं नाव) सुरू होणारी एकच नोंद असते, तो मुख्य पत्ता. स्मॉल अक्षरांतल्या 'एसएमटीपी'च्या दोन-चार नोंदी असतात, ते दुय्यम पत्ते. आपला जुना डोमेन बहुधा तिथेच असतो. आणि कधीकधी 'एक्स ५००'ने सुरू होणारी एक लांबलचक, अगम्य नोंद असते. तिच्याकडे बघून हात शिवशिवतात, पण तिला हात लावू नये. मेलबॉक्स पूर्वी दुसऱ्या एक्स्चेंजमधून आणलेली असेल तर तिची जुनी अंतर्गत ओळख त्या नोंदीत असते. ती उडाली, की सहकाऱ्यांनी जुन्या मेलला दिलेलं उत्तर थेट परत येतं, आणि परत आलेल्या निरोपात 'आयएमसीईएईएक्स'ने सुरू होणारा भलताच पत्ता दिसतो.

ही नोंद सहसा उडते ती सेट-मेलबॉक्स कमांड चुकीची वापरल्यामुळे. तिच्यातल्या 'ईमेल ॲड्रेसेस'ला सरळ नवी किंमत दिली, तर अख्खी यादी बदलली जाते. 'रिमूव्ह' लिहून नेमका पत्ता सांगितला, तर तेवढाच निघतो. शेकडो खात्यांवर एकदम चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा फरक फार महागात पडतो. दुसरी गोम पॉवरशेलची, म्हणजे या कमांड जिथे चालतात त्या साधनाची. तिथला तुलना करणारा 'लाइक' कॅपिटल-स्मॉल फरक मानत नाही, त्यामुळे दुय्यम पत्ते शोधायला गेलात तर मुख्यही जाळ्यात येतात. हा फरक मानणारा 'सी-लाइक' वापरा. ज्यांचा मुख्य पत्ताच अजून जुन्या डोमेनचा आहे, त्यांची यादी आधी वेगळी काढून त्यांना नवा मुख्य पत्ता द्या. आणि 'रिझल्ट साइझ अनलिमिटेड' विसरलात तर पहिली १००० खातीच तपासली जातील. शोध गेट-रिसिपिएंट या कमांडने घ्यावा, कारण जुने पत्ते ग्रुपवर आणि कॉन्टॅक्टवरही असतात. पहिली फेरी 'व्हॉट-इफ' लावूनच; त्यात बदल न होता काय होईल एवढंच दिसतं.

मग पॉलिसीला हात न लावता थेट याद्या साफ केल्या तर? तेही चालत नाही. ज्या खात्यावर पॉलिसी लागू आहे, तिथून पॉलिसीतल्या डोमेनचा पत्ता तुम्ही काढता आणि पॉलिसी पुन्हा लागू होताच तो परत येतो. म्हणून आधी पॉलिसी, मग याद्या, आणि शेवटी 'ॲक्सेप्टेड डोमेन'मधलं (सर्व्हर ज्यांची मेल स्वीकारतो त्या डोमेनच्या यादीतलं) नाव. ते शेवटचं नाव पॉलिसीत वापरात असेपर्यंत सर्व्हर काढूच देत नाही. एक्स्चेंज २००३ पर्यंत पत्त्यांचे आणि डोमेनचे नियम एकाच 'रिसिपिएंट पॉलिसी'त होते. २००७ च्या आवृत्तीत ते वेगळे झाले. जुन्या मंडळींचा गोंधळ तिथला असावा, असं मला वाटतं.

क्लाउडवर मेलबॉक्ससाठी अशी पॉलिसीच नसते, त्यामुळे तिथे यादीचंच काम उरतं. मात्र खाती ऑफिसातल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून सिंक होत असतील तर बदल सहसा तिथेच करावा लागतो; क्लाउडमध्ये केलात तर एरर येते.

काढण्याआधी जुन्या पत्त्यांवर कोण लिहितंय हे ट्रॅकिंग लॉगमध्ये (सर्व्हरवरच्या मेलच्या ये-जा नोंदीत) बघतातच सगळे. पण तो लॉग मुळात ३० दिवसांचाच असतो. वर्षातून एकदा येणारी मेल त्यात सापडत नाही. तेव्हा आयकर, जीएसटी, भविष्यनिर्वाह निधी, बँक आणि डोमेन विकणारी कंपनी, या प्रत्येकाच्या पोर्टलवर कोणता पत्ता नोंदवला आहे हे लॉगिन करून बघा. ओटीपी जुन्या पत्त्यावर जात असेल तर तो पत्ता काढायच्या पत्त्यांच्या यादीतून वगळा. आणि पत्ते काढले म्हणून डोमेनचं नूतनीकरण लगेच थांबवू नका. मुदत संपलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो, आणि मग तुमच्या जुन्या पत्त्यांवर येणारे पासवर्ड बदलाचे दुवे त्याच्याकडे जातात.