हॉर्नचा आवाज बसला म्हणून मोठा हॉर्न मागण्याआधी

सकाळी आमच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाच्या दुकानाचं शटर वर गेलं की पहिल्या तासाभरात एक तरी गाडी हॉर्नसाठी दारात उभी असते. कुणाचा वाजत नाही, कुणाचा घोगरा झालाय, आणि बहुतेकांची मागणी एकच असते: "भाऊ, मोठा आवाजना हॉर्न जोयजे." हात ग्रीसने भरलेले असताना तीच गोष्ट दिवसातून सहा वेळा नीट समजावून सांगणं होत नाही. म्हणून हे लिहून ठेवलंय. तुमची गाडी हातात घेईपर्यंत बाकावर बसून वाचून काढा.

पहिली विनंती ही की जुना हॉर्न आधी आम्हाला तपासू द्या. आमच्याकडे "हॉर्न गेला" म्हणून आलेल्या गाड्यांत खरोखर गेलेले हॉर्न कमी निघतात. बहुतेक वेळा हॉर्न चांगला असतो आणि त्याच्यापर्यंत पुरेसा करंटच पोचत नाही. हे आम्ही तुमच्या डोळ्यांसमोर दाखवतो. हॉर्नची पिन काढायची, बॅटरीवरून दोन वायरी सरळ हॉर्नला लावायच्या. खणखणीत वाजला तर हॉर्न ठणठणीत आहे आणि दोष वायरिंगमध्ये आहे. मग बघायचं अर्थिंगकडे, म्हणजे हॉर्न गाडीच्या बॉडीला जिथे जोडलाय त्या जोडाकडे. हॉर्न बंपरच्या मागे, जाळीच्या आत बसतो. पावसाळ्यातला चिखल, कपाशीच्या हंगामातली धूळ, वॉशिंगवाल्याच्या फवाऱ्याचं पाणी, सगळं तिथेच जाऊन बसतं. बोल्टाखाली गंज धरतो आणि 12 व्होल्टच्या जागी हॉर्नला 9 मिळतात. आवाज बसणारच. पॉलिश पेपरने घासून, वायरीच्या टोकाला नवी लग (धातूची कडी) दाबून, बोल्ट आवळून दिला की दहा मिनिटांत काम होतं. त्यासाठी हजार-दीड हजाराचा नवा हॉर्न घ्यायची गरज नसते, आणि आम्ही तो तुमच्या गळ्यात मारतही नाही.

गाडी धुतल्या दिवशी आवाज घोगरा झाला असेल तर एक दिवस उन्हात राहू द्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो दुपारपर्यंत सुकतो. हातोडीने ठोकू नका. मागचा स्क्रूही फिरवू नका. तो आतल्या पाईंटच्या, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या, अंतराचा स्क्रू आहे. अर्धा फेरा जास्त झाला तर चांगला हॉर्न मुका होतो. दुचाकीवाल्यांनी आधी बॅटरी तपासून घ्यावी. गाडी उभी असताना आवाज मरतो आणि रेस दिली की सुधारतो, तर हॉर्नला दोष देऊ नका.

आणखी एक गोष्ट अनुभवाची सांगतो. नवीन गाड्यांच्या काचा आणि दाराचे रबर इतके घट्ट असतात की एसी लावून आत बसलेल्याला स्वतःचाच हॉर्न बारीक ऐकू येतो. गेल्या महिन्यात एक दादा आले. नवी कोरी गाडी, शोरूममधून काढून पंधरा दिवस झालेले, आणि म्हणे कंपनीने खेळण्यातला हॉर्न दिलाय. मी त्यांना गाडीपुढे वीस-पंचवीस फुटांवर उभं केलं आणि पोराला बटण दाबायला सांगितलं. दादा दोन पावलं मागे सरकले आणि हसून गाडी घेऊन गेले. त्या दिवशी त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही. आता त्यांच्या घरच्या तिन्ही गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम आमच्याकडेच येतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे तुमचे पैसे जातात आणि आमचा अख्खा दिवस.

मोबाईलवरून मागवलेला किंवा रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेतलेला मोठ्या आवाजाचा जोड हॉर्न घरीच, रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) न घालता, जुन्याच वायरीला जोडू नका. आणि फ्यूज उडाला तर त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार अजिबात घालू नका.

कारण समजून घ्या. स्टेअरिंगवरचं बटण आणि त्याची बारीक वायर फक्त इशारा द्यायला असते. भार ओढायला ती केलेलीच नाही. मोठे दोन हॉर्न मिळून 10 अँपिअरच्या आसपास करंट घेतात. रिलेची कॉइल पाव अँपिअरसुद्धा घेत नाही. म्हणून बटणाने रिले चालवायचा आणि रिलेने हॉर्न. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीकडून जाड वायर येते, मध्ये फ्यूज घालून. 87 वरून वायर हॉर्नला जाते. 85 आणि 86 ला बटणाकडची साधी बारीक वायर. एवढंच आहे. कंपनीने गाडीत रिले दिलेला असला, तरी तो आणि त्याची वायर कंपनीच्या हॉर्नच्या मापाची असते. वर आणखी दोन हॉर्न लादले की तीही तापते.

फ्यूजचा रंग बघायची सवय ठेवा. लाल 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कुठे कोणता ते छापलेलं असतं. निळा उडतोय म्हणून हिरवा टाकला की फ्यूज टिकतो आणि वायर जळते. फ्यूज पाच-दहा रुपयांचा असतो. वायरिंगचं अख्खं लूम किती हजारांचं, ते गाडीगाडीवर आहे.

साक्री रोडच्या बाजूने एक पिकअप रात्री अकराला आली होती. येताना पूर्ण रस्ताभर हॉर्न वाजत होता, बंदच होईना. हॉर्न परस्पर बसवलेला, रिले नाही, आणि बॅटरीकडून आलेल्या वायरीत फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातलेली. जास्तीच्या करंटने बटणाचे पाईंट एकमेकांना चिकटून बसलेले. काढायला फ्यूजच नाही, आणि बॅटरीचा टर्मिनल सोडवायला गाडीत 10 नंबरचा पाना नाही. घराघरांतून लोक बाहेर आले. ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आलेला. मी टर्मिनल काढला तेव्हा आवाज थांबला. सकाळी बॉनेट उघडलं तर त्या वायरीवरचं प्लास्टिक वितळून हेडलाइटच्या वायरींना गुळाच्या पाकासारखं चिकटलेलं. ब्लेडने एकेक वायर सोडवून, टेस्ट लॅम्पने तपासून, नवी टेप गुंडाळून द्यायला अकरापासून चार वाजले. तो माल वेळेवर पोचला नाही, आणि माझ्याकडच्या दोन गाड्या दुसऱ्या दिवसावर गेल्या. रिले, सॉकेट, जाड वायर आणि मजुरी मिळून जेवढे पैसे वाचवले होते, त्याच्या कितीतरी पट खर्च झाला.

कारमध्ये तर अजून नाजूक मामला असतो. स्टेअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. हॉर्न आणि एअरबॅग, दोन्हींची जोडणी तिच्यातूनच जाते. ती जळली की हॉर्न बंद पडतो आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो. म्हणजे हॉर्नच्या हौसेपायी अपघातात जीव वाचवणारी वस्तू बंद. स्टेअरिंग एका ठरावीक कोनात असतानाच हॉर्न वाजत असेल तरी संशय तिच्यावरच घ्यावा. एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टेअरिंग घरी उघडू नका. आम्हीसुद्धा बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबतो, मगच हात लावतो. काही जण म्हणतात, दुकानवाला उगाच वेळ काढतो. तो वेळ मी माझ्या पोरांच्या हातांसाठी आणि तुमच्या एअरबॅगसाठी ठेवलेला आहे.

म्हणून आमच्या दुकानाचा नियम आहे: हॉर्न तुम्ही आणलेला असो की आमच्याकडचा, रिले, फ्यूज आणि जाड वायर घातल्याशिवाय आम्ही बसवून देत नाही. "समोरचा पन्नास रुपयांत जोडून देतो" असं सांगून काही जण जातात. त्यातले बरेच परत येतात, त्याचा आनंद होत नाही, कारण तोवर नुकसान झालेलं असतं. आमचं काम कंपनीच्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) तसाच कपलर लावून होतं. एकही वायर कापली जात नाही, त्यामुळे वॉरंटीतल्या गाडीला पुढे अडचण यायची शक्यता कमी राहते. उद्या गाडी विकायची झाली तर पंधरा मिनिटांत मूळ हॉर्न परत बसतो. तपासणीचे 100 रुपये घेतो, काम केलं तर ते बिलातून वजा करतो.

हवेच्या दाबावर वाजणारे प्रेशर हॉर्न आणि निरनिराळे सूर काढणारे म्युझिकल हॉर्न आम्ही विकत नाही आणि बसवतही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 119 वा नियम त्यांना परवानगी देत नाही: वेगवेगळ्या सुरांची मालिका, कर्कश किंवा दचकवणारा आवाज चालत नाही. जुन्या ट्रकांना ब्रेकच्या टाकीतून हवा घेऊन हॉर्न लावलेले मी पाहिले आहेत. तो जोड गळायला लागला की कमी होते ती ब्रेकची हवा. धुळ्याजवळचा लळिंग घाट उतरताना ती गोष्ट कळून उपयोग नाही. दुकानाच्या या नियमामुळे आमची गिऱ्हाइकं तुटतात, पण त्यात बदल होणार नाही.

दंडाचं बरेच जण विचारतात. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 194 एफ हे कलम आलं. गरज नसताना किंवा सतत हॉर्न वाजवला, किंवा हॉर्नबंदीच्या ठिकाणी वाजवला, तर पहिल्यांदा 1000 आणि पुन्हा सापडलं तर 2000 रुपये. दवाखाने, शाळा-कॉलेजं आणि कोर्टाभोवतीचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रात्री 10 ते सकाळी 6 राहत्या वस्तीत तातडीचं कारण असल्याशिवाय हॉर्न वाजवायचा नसतो. ट्रकवाले अजून विचारतात की मागे "हॉर्न ओके प्लीज" रंगवून घेऊ का. महाराष्ट्रात 2015 साली त्यावर बंदी आली. मागच्याने वाजवत राहावं असं ते जणू आमंत्रणच होतं. मुंबईत 2019-20 च्या सुमारास वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडून पाहिलं होतं. 85 डेसिबलच्या वर गोंगाट गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे.

हॉर्न लवकर का जातो, याचं उत्तरही इथेच आहे. हॉर्नच्या आत एक कॉइल, एक पातळ पत्रा आणि एक पाईंट असतो. करंट आला की कॉइल पत्रा ओढते, त्याच झटक्याने पाईंट सुटतो, पत्रा मागे जातो, पाईंट पुन्हा जुळतो. सेकंदाला काहीशे वेळा हे चालतं, आणि दर वेळी पाईंटवर बारीक ठिणगी पडते. हा जिन्नस थोडा वेळ वाजायला बनवलेला आहे. फाटकापाशी किंवा जाममध्ये बोट दाबून धरणाऱ्याची कॉइल तापते आणि पाईंट काळा पडतो. एकदा "पिप" करून सोडणाऱ्याचा हॉर्न गाडीबरोबर म्हातारा होतो. ज्यांचे हॉर्न वर्षाला बदलावे लागतात, त्यांना मी नवा हॉर्न देताना हे सांगतोच, माझी विक्री कमी झाली तरी चालेल.

रस्त्यावर माझ्या स्वतःच्या सवयी आहेत, त्या सांगतो. पाय आधी ब्रेकवर, मग बोट हॉर्नवर. पुढचा हळू होतोय तर त्याच्यापुढे काहीतरी आहे असं धरून चालायचं. सिग्नल हिरवा झाला की मनात तीन मोजायचे. मुंबई-आग्रा किंवा सुरत-नागपूर महामार्गावर रात्री ओव्हरटेक करताना डिप्पर द्यायचा. आरशात उजेड दिसतो, केबिनमध्ये गाणी लागली असतील तर हॉर्न ऐकूच जात नाही. कोंडाईबारी किंवा कन्नडच्या घाटात समोरचं न दिसणाऱ्या वळणावर एक आखूड हॉर्न जरूर द्यायचा, तिथे तो हक्काचा आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, तिला थांबून पुन्हा उचलायला फार जड जातं.

बैलगाडीच्या मागे मात्र हॉर्न नकोच. कपाशीने भरलेली गाडी असते, शेतकरी वर बसलेला असतो. बैल बुजला तर तो रस्त्याच्या कुठल्या बाजूला ओढेल सांगता येत नाही. वेग कमी करून, बाजूला भरपूर जागा सोडून निघायचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेला जाताना तर विशेष जपा. लाखमोलाची जनावरं असतात, आणि घोडा बैलापेक्षा लवकर बिथरतो.

दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ. हॉर्नचं काम असेल तर सकाळी या, इंजिन गार असताना हात आत जातो. जुना हॉर्न काढलेला असेल तर तो टाकून देऊ नका, सोबत आणा, बरेचदा तोच परत बसवता येतो. आणि आल्यावर आम्हाला बोलवायला हॉर्न देऊ नका, खाली उतरून हाक मारा. शेजारी बाळंतपणाचा दवाखाना आहे.