वधू-वर सूची, गॅजेट आणि मित्रांची माहिती : पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या समाजमंडळांच्या वधू-वर सूच्या छापील पुस्तकातून वेबसाइटवर येऊ लागल्या, त्यालाही आता बराच काळ झाला. अशा वेबसाइटवर वाढदिवस दाखवणारं किंवा ओळखीचे सभासद सुचवणारं बाहेरचं गॅजेट, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं आणि पानात बसणारं छोटं अ‍ॅप, बसवायचं ठरलं, की एक जुनाच प्रश्न समोर येतो. सभासदांची माहिती त्या गॅजेटला द्यायची कोणी, आणि किती?

सुरुवातीची गॅजेटं घड्याळ, हवामान दाखवायची. पाहणारा कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मे २००७ मध्ये फेसबुकने बाहेरच्या अ‍ॅपना दार उघडलं आणि चित्र पालटलं. १ नोव्हेंबर २००७ रोजी ओपनसोशल जाहीर झालं: गॅजेट एकदाच लिहा आणि ऑर्कुट, मायस्पेस, हाय-फाइव्ह अशा मित्र जोडणाऱ्या वेबसाइटवर कुठेही चालवा. आपल्याकडे तेव्हा ऑर्कुटचा जोर होता. भुसावळ-अमळनेरची कॉलेजची पोरं स्क्रॅप (ऑर्कुटवरचे निरोप) बघायला सायबर कॅफेत बसायची, तो हा काळ.

ओपनसोशल म्हणजे नुसते नियम. ते प्रत्यक्ष चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर होतं शिंडिग. मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या एका मोठ्या संस्थेने डिसेंबर २००७ मध्ये ते हाती घेतलं. ते जावा आणि पीएचपी या दोन्ही प्रोग्रामिंग भाषांत असल्यामुळे साध्या होस्टिंगवरच्या लहान वेबसाइटलाही आवाक्यातलं होतं.

शिंडिगची मांडणी मला आजही शहाणपणाची वाटते. सभासदांचा तक्ता उचलून ते स्वतःकडे नेत नसे. सोबत जॉन डो, जेन डो अशी नमुन्याची माणसं भरलेली एक जेसन फाइल (माहिती साध्या मजकुरात मांडलेली फाइल) यायची. ती बाजूला काढायची आणि व्यक्ती, त्यांच्या हालचाली व अ‍ॅपने साठवलेली माहिती या तीन सेवांसाठी आपल्या डेटाबेसमधून वाचणारा कोड लिहायचा. गॅजेटने ‘माझे मित्र’ मागितले, की तो कोड नावं काढून ठरलेल्या साच्यात परत देई. मोबाइल नंबर द्यायचा का, जन्मवेळ द्यायची का, याचा निर्णय त्याच ठिकाणी वेबसाइटवाल्याच्या हातात असे.

खरी मेख होती ‘ओनर’ आणि ‘व्ह्यूअर’ यांत. चोपड्याच्या मुलीचं पान शहाद्याचा मुलगा बघत असेल, तर मुलगी ओनर आणि मुलगा व्ह्यूअर. हे दोघे कोण, ते गॅजेटच्या मागणीसोबत येणाऱ्या टोकनमधून, म्हणजे ओळख सांगणाऱ्या चिठ्ठीतून, शिंडिगला कळे. चाचणीसाठीचं टोकन म्हणजे अपूर्णविरामांनी (:) जोडलेला साधा मजकूर होता. खऱ्या वेबसाइटवर तेच चालू ठेवलं, तर व्ह्यूअरच्या जागी दुसऱ्याचं नाव घालून कोणीही त्याची माहिती मागू शकत असे. म्हणून खऱ्या वापरासाठी कूटबद्ध टोकनची सोय होती. पण व्ह्यूअरने ते अ‍ॅप घेतलेलंच नसेल तर त्याच्याबद्दल काय सांगायचं, याचा निर्णय ज्या त्या वेबसाइटच्या धोरणावर राहिला.

वाद पेटला तो मे २००८ मध्ये. कुठल्याही वेबसाइटला मित्रांची यादी जोडून देणारी फ्रेंड कनेक्ट ही सेवा जाहीर झाली आणि आठवड्याच्या आतच फेसबुकने तिची वाट अडवली. लोकांची माहिती त्यांच्या नकळत तिसऱ्याच्या हाती जाते, हे कारण पुढे केलं गेलं. सेवेच्या बाजूने उत्तर असं, की वापरणारा स्वतः होकार देतो, मग अडचण कसली? आपली माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून हा कांगावा आहे, असंही बोललं गेलं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. तरी मुद्दा बिनतोड होता. होकार एकाचा, आणि नावं-फोटो त्याच्या सगळ्या मित्रांचे.

तो मुद्दा तेव्हा धसास लागला नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ज्या फेसबुकने वाट अडवली, तिथेच मित्रांची माहिती अ‍ॅपना मिळत राहिली. ती सोय २०१५ मध्ये बंद झाली. २०१८ मध्ये उघड झालं, की सुमारे ३ लाख लोकांनी घेतलेल्या एका अ‍ॅपमार्फत ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती एका राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली असावी.

दरम्यान ओपनसोशलची ती सगळी चौकटच मोडीत निघाली होती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, शिंडिगचं काम २०१५ मध्ये थांबवलं गेलं. आता ‘गूगलने लॉगिन करा’ असं बटण असतं आणि त्यामागे ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता ठरावीक माहितीपुरती परवानगी देण्याची पद्धत.

भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. संमती विशिष्ट कारणासाठी आणि नीट समजावून घेतलेली असावी, असं तो म्हणतो. वधू-वर सूचीत मामाचं नाव, आजोळचं गाव, काकांचा मोबाइल हे सगळं असतं आणि फॉर्म भरतो एकटा उमेदवार किंवा त्याचे वडील. त्यामुळे गॅजेटला जाणाऱ्या उत्तरात नातेवाइकांचे रकाने मुळात घेऊच नयेत. नाव, गाव आणि शिक्षण एवढ्यावर सुचवणारं गॅजेट व्यवस्थित चालतं. बाकीचं लॉगिन केलेल्या सभासदाला सूचीच्या पानावर दिसतंच.