करंट्सची चौकोनी स्लाइस : पाकिटासोबतचं माहितीपत्रक

पाकीट उघडलं की आत बारीक काळे करंट्स (एका जातीची वाळवलेली छोटी द्राक्षं), पाकात मुरवलेल्या संत्र्या-लिंबाच्या सालीचे तुकडे आणि मसाल्याची एक छोटी पुडी एवढंच दिसेल, आणि ते बघून बऱ्याच जणांचा पहिला मेसेज येतो की ताई काजू-बदाम टाकायचे राहिले का. राहिले नाहीत, मुद्दामच टाकलेले नाहीत, आणि का टाकले नाहीत ते नीट सांगायचं म्हणूनच हा कागद पाकिटासोबत देतोय. करायला घेण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा, कारण कृती मधेमधे आहे.

आम्ही म्हणजे मी आणि माझे मिस्टर, दोघंच, इंग्लंडमधल्या लँकेशरमधे घरच्या किचनमधून हे काम करतो आणि शनिवारी बाजारात टेबल लावतो. ही स्लाइस आम्हाला शिकवली आमच्या शेजारच्या आजींनी. इकडे आलो तो पहिलाच हिवाळा होता, चार वाजता अंधार पडायचा, कोणाशी ओळख नाही, आणि एक दिवस दारात ह्या आजी उभ्या, हातात प्लेट आणि प्लेटवर चहाच्या टॉवेलखाली सहा चौकोनी तुकडे. वर साखर भुरभुरलेली, खाली पातळ पापुद्रा, आणि मधे काळंभोर सारण. मी पहिला घास घेतला आणि मला वाटलं अरे ही तर करंजीची लांबची मावसबहीण.

आजी लहान होत्या तेव्हा इथे रेशनिंग होतं. ते जानेवारी १९४० मधे सुरू झालं आणि पूर्ण संपलं जुलै १९५४ मधे, म्हणजे दुसरं महायुद्ध संपून नऊ वर्षं झाली तरी लोकं रेशनचं पुस्तक घेऊन दुकानात जात होती. मोठ्या माणसाला आठवड्याला साखर साधारण २२५ ग्रॅम आणि लोणी ५५ ग्रॅमच्या आसपास, ते पण काही काळ कमी-जास्त व्हायचं. सुका मेवा पॉइंट्सवर मिळायचा, म्हणजे महिन्याला ठराविक पॉइंट मिळणार, त्यात डबाबंद मासे घ्यायचे का बिस्किटं घ्यायची का करंट्स घ्यायचे हे घरच्या बाईने ठरवायचं. आजींची आई थोडे थोडे पॉइंट करंट्ससाठी वळवायची आणि मूठभर जमले की सफरचंद किसून त्यात मिसळायची, म्हणजे सारण पुरेल. दोन पातळ पोळ्यांमधे ते पसरायचं, ट्रेमधे भाजायचं आणि मोजून तुकडे करायचे, सगळ्यांना सारखे. आता दुकानात करंट्स हवे तेवढे मिळतात तरी सफरचंद मात्र आजींच्या हातून कधी सुटलं नाही, आणि आमच्या कृतीतही ते आहेच, कारण त्याने सारणाला ओलावा राहतो आणि किंचित आंबटपणा येतो.

म्हणून काजू-बदाम नाहीत. ही वस्तू श्रीमंतीची नाहीच मुळात, एकाच मेव्यावर उभी असलेली आहे, आणि तो मेवा चांगला असला की दुसऱ्या कशाची गरज पडत नाही. काजू घातलेत तर चव वाईट लागणार नाही, पण मग ते दुसरं काहीतरी होईल आणि ज्याने लहानपणी खाल्लीय त्याला ती ओळखू येणार नाही.

नावं खूप आहेत

ग्राहकांचा गोंधळ होतो म्हणून थोडक्यात सांगते. एकल्स केक वेगळा, तो गोल असतो आणि पापुद्र्यांच्या पेस्ट्रीचा, वर साखर आणि तीन चिरा. एकल्स हे मँचेस्टरला लागून असलेलं गाव, तिथे जेम्स बर्च नावाच्या माणसाने १७९३ मधे आपल्या दुकानात हे केक विकायला सुरुवात केली असं मानतात. चॉर्ली केक पण गोलच पण साध्या खुसखुशीत पेस्ट्रीचा, कमी गोड, त्याला वरून लोणी लावून खातात. आपली ही स्लाइस ट्रेमधे होते आणि चौकोनी कापतात. स्कॉटलंडमधे हिला फ्रूट स्लाइस म्हणतात, वायव्य इंग्लंडातल्या कंबरलँडकडे करंट स्क्वेअर, आणि ईशान्य इंग्लंडात कुठेकुठे स्लाय केक म्हणजे लबाड केक, कारण बाहेरून बघितलं तर साधी पोळी दिसते आणि आत मात्र गच्च भरलेलं. कंबरलँडचीच एक वेगळी गोष्ट पण आहे, रम निकी, तिच्यात खजूर, आलं आणि रम पडते, कारण तिथल्या व्हाइटहेवन बंदरात वेस्ट इंडिजहून रम, साखर आणि मसाले उतरायचे. ती आम्ही विकत नाही पण कोणी विचारलं तर कृती आनंदाने सांगू.

आणि शाळेतली पोरं हिला जे नाव ठेवायची ते तुम्हाला इथल्या कुठल्याही साठीच्या माणसाकडून ऐकायला मिळेल, माश्यांचं कबरस्तान! पेस्ट्रीतून डोकावणारे काळे करंट्स बघून पडलेलं नाव आहे ते. असंच एक बिस्किट गॅरिबाल्डी, पीक फ्रीन कंपनीने १८६१ मधे काढलेलं, इटलीच्या सेनापतीचं नाव दिलेलं, त्याला पण मुलं चेंगरलेल्या माश्यांचं बिस्किट म्हणतात. ही नावं ऐकून किळस वाटून घेऊ नका, लोकं ती फार मायेने घेतात. आमच्या टेबलापाशी एक आजोबा नुसतं ते नाव उच्चारून हसता हसता रडले होते, शाळेत जेवणानंतर कस्टर्ड ओतून मिळायची म्हणाले.

करंट्सच का, बेदाणे का नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो बरोबर पण आहे, कारण आपल्याकडचा बेदाणा काही कमी नाही. आमचे एक ग्राहक आहेत, डॉक्टर काका, मूळचे सांगली भागातले, सत्तरच्या दशकात इथे हॉस्पिटलात नोकरीला आले. ते सांगतात की नाइट ड्यूटीला पहाटे तीन वाजता कँटीनमधे चहा आणि ही स्लाइस एवढाच काय तो आधार असायचा, घरची आठवण आली की दोन घ्यायचे. रिटायर झाल्यावर त्यांना ती परत खावीशी वाटली आणि त्यांनी घरी तासगावहून आलेला चांगला टपोरा बेदाणा घालून करून बघितली. आणि म्हणाले छान झाली पण ती नाही झाली.

त्याचं कारण असं आहे. तासगाव-सांगलीचा बेदाणा हा मुख्यतः थॉमसन जातीच्या आणि तिच्यापासून निघालेल्या द्राक्षांचा, घड द्रावणात बुडवून शेडमधे जाळ्यांवर सावलीत वाळवलेला, म्हणून रंगाने पिवळसर-हिरवा, गरदार आणि गोड. शिऱ्यात, खिरीत, पुलावात त्याला तोड नाही. करंट हे वेगळंच द्राक्ष आहे, बिनबियांचं, वाटाण्याएवढं, काळं, मुख्यतः ग्रीसमधे होतं, आणि करंट हे नावच तिथल्या कोरिंथ शहरावरून आलेलं आहे. वाळल्यावर तो दाणा मिऱ्यापेक्षा थोडा मोठा राहतो. साल जास्त, गर कमी, त्यामुळे गोडाबरोबर एक आंबूस, किंचित कडवट चव येते आणि भाजताना तो फुगून पाणी सोडत नाही. बेदाणा फुगतो, खालची पेस्ट्री ओली करतो आणि स्लाइस कापताना सारण बाहेर येतं. घरी बेदाणे पडून असतील तर पाव भाग बारीक चिरून मिसळा, त्याच्यापुढे जाऊ नका. आणि दुकानातलं ब्लॅककरंट हे झुडपाचं फळ आहे, ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, नावावर जाऊन ते आणू नका.

पेस्ट्री

इथे आपल्या लोकांचा हात चुकतो आणि चुकतो तो चांगल्या सवयीमुळेच. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, पीठ घट्ट भिजवतो, कुटतो, मळतो. इथे सगळं उलटं. लोणी फ्रीजमधून काढलेलं गार, पाणी गार, हात पण जमला तर गार, आणि मळायचं जवळजवळ नाहीच. गरम मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं म्हणून तळलेली पारी खुसखुशीत होते, पण इथे लोण्याचे बारीक तुकडे पिठात तसेच राहायला हवेत, मग ओव्हनमधे ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि पेस्ट्री हलकी, विरविरीत होते. जास्त मळलंत तर मैद्याला चिकटपणा येतो आणि ट्रेमधे पोळी आक्रसून कडेपासून सुटते.

मैदा ३०० ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, हवी तर दोन चमचे पिठीसाखर. लोण्याचे तुकडे करून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, तळहात लावू नका, रव्यासारखं दिसायला लागलं की थांबा. मग गार पाणी चमच्याचमच्याने, साधारण चार ते पाच मोठे चमचे, गोळा जेमतेम जमेल एवढंच. दोन गोळे करा, चपटे दाबा, झाकून फ्रीजमधे अर्धा तास ठेवा. हा अर्धा तास गाळू नका, खरंच सांगते, सगळा फरक त्यात आहे.

पूर्वी इथे चरबी घालायचे, डुकराची, नाहीतर लोणी आणि चरबी अर्धं अर्धं, आणि बऱ्याच घरांत अजून घालतात. आमच्या पाकिटात प्राण्याचं काहीच नाही आणि कृतीत फक्त लोणी आहे, अंडं पण नाही, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी बिनधास्त करावी.

सारण आणि भाजणं

पाकिटात ३५० ग्रॅम करंट्स आहेत. ते एका पातेल्यात सालीच्या तुकड्यांसकट घ्या, त्यात ७५ ग्रॅम ब्राउन शुगर (गूळ किसून घातला तरी चालतो, आम्ही करून बघितलाय, रंग अजून गडद येतो), ५० ग्रॅम लोणी, एक मध्यम आंबट सफरचंद किसून, मसाल्याची पुडी आणि अर्धा कप पाणी. मसाल्यात दालचिनी, जायफळ, लवंग, आलं, ऑलस्पाइस आणि धने आहेत, धने वाचून दचकू नका, इथल्या मिक्स्ड स्पाइसमधे ते असतातच. मंद गॅसवर सात-आठ मिनिटं, मग एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून घाला आणि दाट चकाकी येईपर्यंत हलवा. आता हे पूर्ण, म्हणजे पूर्ण गार होऊ द्या. मी पहिल्यांदा केली तेव्हा घाईत कोमट सारण पसरलं, खालची पोळी कच्ची आणि चिकट राहिली, सगळा ट्रे वाया गेला. तेव्हा आजींनी काही न बोलता माझं पातेलं उचललं आणि मागच्या दाराच्या बाहेर थंडीत नेऊन ठेवलं, ती त्यांची पद्धत.

२० बाय ३० सेंटीमीटरचा ट्रे घ्या. एक गोळा चपातीपेक्षा थोडा जाड लाटून तळाला बसवा, सारण कडेपर्यंत सारखं पसरा, दुसरी पोळी वर, कडा दाबा, काट्याने सगळीकडे टोचे मारा म्हणजे वाफ निघेल, वरून दुधाचा हात. ओव्हन २०० डिग्री, फॅन ओव्हन असेल तर १८०, जुन्या गॅस ओव्हनला मार्क ६. ३० ते ३५ मिनिटं, वरून बदामी रंग यायला हवा, पांढरट असताना काढू नका. बाहेर काढल्या काढल्या बारीक साखर भुरभुरा आणि सुरीने नुसत्या खुणा करा, खरं कापायचं ते गार झाल्यावर, १५ तुकडे होतात.

गरम गरम खायचा मोह होईल पण ही दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, रात्रभरात सारण बसतं आणि मसाला करंट्समधे उतरतो. चहाबरोबर तर आहेच, पण लँकेशरमधे सोबत इथलं पांढरं भुसभुशीत चीज खातात आणि ते एकदा तरी करून बघा, खारट आणि गोड फार छान जमतं.

डब्यात चार-पाच दिवस टिकते, फ्रीजमधे ठेवली तर पेस्ट्री मऊ पडते म्हणून बाहेरच ठेवा. फ्रीझरमधे तीन महिने, तुकडे सुटे करून, आणि खायच्या वेळी ओव्हनमधे दहा मिनिटं, मायक्रोवेव्हमधे नको. तुम्ही घालाल त्या मैद्यात ग्लुटेन आणि लोण्यात दूध आहे, पाहुण्यांना विचारून द्या. आणि घरात कुत्रा असेल तर एक गोष्ट प्लीज लक्षात ठेवा, करंट्स, बेदाणे, मनुका हे सगळं कुत्र्यांना विषारी असतं, थोडं खाल्लं तरी किडनीवर परिणाम होऊ शकतो, एक तुकडा जरी पळवला तरी वाट न बघता लगेच व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, फोन करा.

ग्रीसमधे करंट्सची काढणी ऑगस्टच्या सुमाराला होते आणि नवीन पीक आमच्यापर्यंत शरद ऋतूत येतं, म्हणजे नेमकं दिवाळीच्या आसपास, तेव्हाचं पाकीट सगळ्यात ताजं असतं. साल आम्ही घरीच पाकात मुरवतो आणि तिला दहा दिवस लागतात, त्यामुळे फराळासोबत ही स्लाइस करायची असेल तर पंधरा दिवस आधी सांगून ठेवा.