धोतर सुती, मोजे मात्र नकोत

ज्येष्ठ लागला की वारीला निघणाऱ्यांच्या मोबाइलवर सूचनांचे फॉरवर्ड सुरू होतात. कपड्यांबद्दल त्यात एकच ओळ असते: सैल, सुती कपडे घाला. डोंगर चढणारी मंडळी याच्या बरोबर उलट सांगतात, पावसात सुती कापडाला हातसुद्धा लावू नका. हा दुसरा नियम थंड मुलखातला आहे. तिथे ओल्या सुती शर्टाने माणूस गारठून दगावू शकतो. आळंदी ते पंढरपूर या सुमारे २५० किलोमीटरच्या वाटेवर, आषाढाच्या तोंडावर, ती भीती फारशी नाही. पण फॉरवर्डवर विसंबून मोजे आणि आतले कपडेही सुती घेतले, तर लोणंद येईपर्यंत टाचा आणि जांघा सोलवटलेल्या असतील. कापड अंगाच्या कोणत्या भागावर बसणार आणि तिथे पाण्याचं काय होणार, हे आधी पाहावं लागतं.

थोडा हिशेब करू. ६० किलो वजनाचा माणूस ताशी चार-पाच किलोमीटरने चालतो तेव्हा त्याच्या शरीरात साधारण २५० वॅट उष्णता तयार होते. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणजे सगळी उष्णता घामावाटेच घालवायची तर तासाला जेमतेम ३७० मिलिलिटर घाम पुरतो. अट एवढीच की तो अंगावरच वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकलेला घाम थंडावा न देता वाया जातो.

‘हवेत १०० टक्के दमटपणा असला की घाम वाळतच नाही’ हा समज इथे आडवा येतो. वाफ होण्याचा वेग ठरतो तो कातडीजवळच्या आणि हवेतल्या बाष्पदाबाच्या, म्हणजे पाण्याच्या वाफेच्या दाबाच्या, फरकावर. ३४ अंशांच्या ओल्या कातडीपाशी हा दाब ५.३ किलोपास्कल असतो. पाऊस पडत असताना हवा २४ अंशांवर उतरलेली असेल, तर वाफेने पूर्ण भरलेली असूनही तिचा बाष्पदाब जेमतेम ३ किलोपास्कल भरतो. फरक उरतोच, त्यामुळे भर पावसातही घाम वाळतो. फक्त कातडीजवळची हवा हलती हवी. बंद गळ्याच्या, मनगटाला इलॅस्टिक असलेल्या रेनकोटमध्ये आतली हवा थोड्याच वेळात कातडीच्या बरोबरीने ओली होते, वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन साचते आणि माणूस पावसाऐवजी घामाने भिजतो. डोक्यावरून पाठीवर सोडलेला प्लास्टिकचा कागद दिसायला गबाळा असेल, पण तो पुढून आणि खालून उघडा असतो आणि प्रत्येक पावलाला त्याखालची हवा बदलते. महागड्या बंद रेनकोटपेक्षा मी त्याच्याच बाजूने मत देईन.

आता कापडाच्या आत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. निरांजनाच्या वातीत तेल चढतं तसंच सदऱ्यात पाणी पसरतं: धाग्यांमधल्या बारीक फटी ते ओढून घेतात. या ओढीचा दाब म्हणजे पृष्ठताणाची (पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणाऱ्या ताणाची) दुप्पट गुणिले स्पर्शकोनाची (पाणी तंतूला ज्या कोनात टेकतं त्याची) कोज्या, म्हणजे कोसाइन, भागिले फटीची त्रिज्या. १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) त्रिज्येच्या, पूर्ण भिजणाऱ्या फटीत तो सुमारे १४,००० पास्कल येतो. जवळजवळ दीड मीटर पाण्याचा स्तंभ तोलून धरेल एवढा. फट निम्मी केली तर ओढ दुप्पट होते, पण अरुंद वाटेत पाण्याला अडथळाही वाढतो आणि तो ओढीपेक्षा जास्त वाढतो. म्हणून बारीक फटी जोराने ओढतात, पण सावकाश.

कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो. त्याच्या रेणूंवरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाण्याला धरून ठेवतात. नेहमीच्या हवेत, कोरडं वाटणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी असतं, पॉलिएस्टरमध्ये ०.४ टक्के, नायलॉनमध्ये ४ आणि लोकरीत १६च्या आसपास. भिजल्यावर कापसाचा तंतू फुगतो, त्यामुळे फटी चेपतात, हवेची ये-जा मंदावते आणि कापड मऊ पडून अंगाला चिकटतं. हाताने पिळलं तरी त्यात स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी उरतं. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः पाणी पीत नाही, ते फक्त फटींत थांबतं. म्हणून ते कापड झटक्यात वाळतं. पण प्रक्रिया न केलेल्या पॉलिएस्टरवर पाणी नीट पसरतही नाही, त्यामुळे साध्या सिंथेटिक साडीत अंग चिकचिकतं.

यातून एक उपयोगी जोडणी निघते. आत जाळीचा पातळ पॉलिएस्टर बनियन आणि वर सैल सुती सदरा. आतल्या थराची वीण मोठी, बाहेरच्याच्या फटी बारीक आणि पाणी ओढणाऱ्या. घाम आतून बाहेर खेचला जातो, कातडीला लागलेला थर तुलनेने कोरडा राहतो आणि वाफ सदऱ्यावरून होते. खेळाडूंच्या दोन थरांच्या कापडामागे हेच तत्त्व आहे. वाफ कातडीपासून थोडी दूर होत असल्याने थंडावा किंचित कमी मिळतो, हे मात्र खरं. मुक्कामावर पोहोचून चालणं थांबलं की उष्णता तयार होणं एकदम घटतं, ओला सदरा मात्र अंगातली उष्णता घेतच राहतो. तेव्हा आधी सदरा बदलावा, चहा नंतर. (भिजल्यामुळे सर्दी होत नाही, ती विषाणूमुळे होते. गर्दीच्या राहुटीत ती कुणाकडूनही मिळू शकते, अंग कोरडं असलं तरी.)

धोतर सुतीच असू द्या. ते सैल असतं, पावलागणिक हवा खेळवतं आणि पातळ असल्याने वाऱ्यावर लवकर वाळतं. अडचण जांघेत होते. ओल्या कातडीवर कातडी घासली की घर्षण कोरड्याच्या मानाने बरंच वाढतं, त्यात घामाचं मीठ असतं. नऊवारीच्या कासोट्याने मांड्यांमध्ये कापड येतं ही मोठी सोय, पण भिजलेला जाड काठ तिथेच घासत राहिला तर तोच कापतो. बिनजरीची, बारीक काठाची नऊवारी बरी. सहावारी आणि परकर घालणाऱ्यांना ती सोयही नाही. सगळ्यांसाठी उपाय एकच: आत गुडघ्यापर्यंतची, अंगाला घट्ट बसणारी नायलॉनची चड्डी, मांडीच्या आतल्या बाजूला शिवण नसलेली. ती भिजते, पण सरकत नाही, त्यामुळे घर्षण कापडा-कापडात होतं.

पायांच्या फोडांचंही असंच आहे. कातडी वरून सोलवटून फोड येतो असं वाटतं, पण तसं नसतं. मोजा कातडीला धरून ठेवतो, आतलं हाड पुढे-मागे सरकतं आणि मधले थर दर पावलाला तिरके ताणले जातात. २० किलोमीटरच्या टप्प्यात एकेका पायाचे सुमारे १५ हजार हेलकावे होतात. शेवटी बाह्यत्वचेच्या आतच एक थर फाटतो आणि त्या पोकळीत द्रव भरतो. दमट कातडी मोज्याला जास्त घट्ट धरते, म्हणून ताण वाढतो. सुती मोजा ओलावा धरून ठेवतो, मऊ पडतो, टाचेखाली त्याच्या चुण्या पडतात. त्याऐवजी नायलॉनचा पातळ मोजा आणि त्यावर लोकर-मिश्र किंवा पॉलिएस्टरचा दुसरा: सरकणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीत नाही. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. फोडात सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवणं टाळा. तो दोरा वातीचंच काम करतो, बाहेरची घाण आत नेतो.

पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा मोठा टप्पा बहुतेकदा पावसात असतो, फलटणच्या पुढे माळशिरसकडे पाऊस विरळ. पावसाच्या दिवशी मोजे काढून मागे पट्टा असलेले फ्लोटर घालावेत. बुटात पाणी साचून राहिलं की बोटांमध्ये चिखल्या होतात. कोल्हापुरी चप्पल या वाटेवर नकोच, भिजून तिचं कातडं सैल पडतं. अनवाणी चालणं ही ज्याची त्याची श्रद्धा, पण तापलेलं डांबर श्रद्धा पाहून निवत नाही.

दुकानात ‘बांबूचं कापड’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला धागा, असतं. तोही सेल्युलोजच, कापसापेक्षा जास्त पाणी धरणारा आणि ओला असताना कमकुवत. जंतुनाशक चांदीच्या धाग्यांवर पैसे घालण्यापेक्षा त्याच पैशांत मोज्यांचा आणखी एक जोड येईल. नायटा टाळायचा तर कपडा कोरडा हवा आणि पंचा स्वतःचा.

तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक वाळत, एक प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा, रात्रीसाठी. पिळलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा पिळला की पंचा बरंच पाणी ओढून घेतो. कोरं धोतर निघायच्या आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवावं, कारण त्याची खळ फटी बुजवते. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण वापरू नये, त्याचा थर पाणी शोषू देत नाही. शंका असेल तर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडून बघा. दोन-तीन सेकंदांत पसरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा.