मे महिन्यात चंद्रशिला : बॅग भरायच्या आधी एवढं वाचाच

उत्तराखंडातल्या चोपत्यापासनं चंद्रशिलेच्या माथ्यापर्यंत फक्त पाच किलोमीटर, मग एवढी तयारी कशाला, असं या ट्रेकच्या बुकिंगला आलेले बरेच जण विचारतात. अंतराकडं बघू नका, उंचीकडं बघा. आपण जिथनं चालायला लागतो ते चोपताच साधारण २६८० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) हजार मीटर वर, आणि चंद्रशिलेचा माथा जवळजवळ ४००० मीटर. तिथं हवेचा दाब कमी, त्यामुळं एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो, मग माणूस जिमला जाणारा असो नाहीतर रोज रंकाळ्याला राउंड मारणारा, धाप लागणारच. म्हणून ऋषिकेशहून गाडीनं आलो की त्या दिवशी चढत नाही, रात्रीचा मुक्काम चोपत्यालाच.

पहाटे अंधारात निघायचं. तुंगनाथपर्यंत साडेतीन किलोमीटर दगडी फरसबंदीची वाट आहे, पंचकेदारातलं (शंकराच्या पाच देवळांपैकी) हे देऊळ ३६८० मीटरवर. चालताना शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढाच स्पीड ठेवा, बोलताना वाक्य तुटायला लागलं की स्पीड कमी करा. देवळाच्या पुढचा दीड किलोमीटर कच्चा आणि खडा आहे, आणि मेच्या सुरुवातीला सावलीच्या अंगाला बर्फाचे पट्टे राहिलेले असू शकतात, पहाटे ते काचेसारखे कडक असतात, तिथं बुटाचं टोक रोवून पाऊल टाकायचं, काठी आधी टेकवायची आणि मगच वजन द्यायचं.

वर गंगेचं छोटं देऊळ आहे आणि हवा मोकळी असली तर चौखंबा, नंदादेवी, त्रिशूल ही शिखरं सगळी समोर. फोटो काढा, पोटभर बघा, पण दहाच्या आत माथा सोडायचा हा आमचा नियम आहे आणि तो कुणासाठीच बदलत नाही. दुपारी ढग भरतात, विजा पडतात, आणि माथ्यावर ना झाड ना आडोसा. उशीर झाला तर माथा राहू दे, तुंगनाथवरनं परत फिरायचं.

डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तोल जायला लागला तर ती उंची बाधल्याची लक्षणं, लपवू नका, लगेच गाईडला सांगा. गोळी खाऊन वर जायचं नाही, खाली उतरायचं, त्याच्यावर तोच खरा उपाय. बीपी, दमा, हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच बुकिंग करा, डायमॉक्स (उंची बाधू नये म्हणून घेतात ती गोळी) पण त्यांनी सांगितली तरच. मुक्कामाच्या रात्री दारू अजिबात नको.

कोल्हापुरात ऊन पेटलेलं असतं म्हणून लोक स्वेटर घरीच ठेवतात. पहाटे माथ्यावर शून्याच्या आसपास थंडी आणि वर वारा, त्यामुळं कानटोपी, हातमोजे, जाकीट, गॉगल, रेनकोट पाहिजेच. कॉटनचा टीशर्ट घामानं भिजला की वाळत नाही, अंग गार पडतं, ड्रायफिट (घाम लगेच वाळणाऱ्या कापडाचा) घ्या. खिशात भडंग किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवा.

निघायच्या महिनाभर आधीपासनं जोतिबा नाहीतर पन्हाळा पाठीवर बॅग घेऊन चढा, आणि नवे बूट घेतले असतील तर त्याच चढाला घालून बघा, फोड आले तर इथंच येऊ देत.