पिकअपमागे जड ट्रेलर : अमेरिकेत सीडीएल (व्यावसायिक वाहन चालवण्याचं लायसन्स) कधी लागतं, कसं काढायचं

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतं. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे गाडीचं मालासकट कमाल वजन, छापलेलं असतं. ट्रेलरवरही तसाच आकडा असतो. अर्जाआधी हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या.

दोन्हींची बेरीज २६,००१ पाउंड किंवा जास्त आणि त्यात एकट्या ट्रेलरचा आकडा १०,००० पाउंडांच्या वर असेल, तर धंद्याच्या कामासाठी क्लास ए, म्हणजे जड ट्रेलर जोडलेल्या वाहनांचं, सीडीएल लागतं. १४,००० ची पिकअप आणि १४,००० चा गूसनेक ट्रेलर (पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा) मिळून २८,००० होतात, म्हणजे लायसन्स हवंच. तोच ट्रेलर ११,५०० च्या पिकअपला लावला तर २५,५००, म्हणजे नको. "ट्रेलर रिकामाच होता" ही सबब चालत नाही, कारण हिशेब क्षमतेचा असतो. प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त भरलं तर मात्र तेच धरतात.

सीडीएल लागत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. जोडीची क्षमता १०,००१ पाउंडांपासून पुढे असेल आणि धंद्यासाठी राज्याची हद्द ओलांडायची असेल, तर यूएसडॉट नंबर (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) आणि ड्रायव्हरचं मेडिकल कार्ड, म्हणजे तब्येतीचं प्रमाणपत्र, लागतं. बरेच जण अडकतात ते इथेच. घरच्या सहलीचा कॅम्पर ओढणाऱ्यांना बहुतेक राज्यं सीडीएलमधून सूट देतात, पण टेक्सस आणि कॅलिफोर्नियात त्यांच्यासाठी बिगर-व्यावसायिक क्लास ए आहे.

वयाची अट सरळ आहे : राज्यातल्या राज्यात चालवायला १८, राज्याबाहेर जायला २१. डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या लायसन्स कार्यालयात, नेहमीचं लायसन्स, नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा, सोशल सिक्युरिटी नंबर आणि त्याच राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. मेडिकल तपासणी सरकारी नोंदणीतल्या परीक्षकाकडूनच करून घ्यावी लागते, फॅमिली डॉक्टरचं नाव त्या यादीत नसेल तर त्यांचा दाखला चालत नाही. प्रमाणपत्र जास्तीत जास्त २४ महिन्यांचं असतं. अर्जात चार पर्यायांपैकी एक निवडून आपण कुठे आणि कशा प्रकारची वाहतूक करणार हे स्वतः जाहीर करायचं असतं. राज्यांतर्गत पर्याय निवडलात, तर तो बदलेपर्यंत राज्याबाहेर जाता येत नाही.

यानंतर लेखी परीक्षा. सामान्य ज्ञान आणि जोडवाहनं या दोन्ही पेपरांत किमान ८०% गुण हवेत. पास झालात की शिकाऊ परवाना, म्हणजे सीएलपी. त्यावर गाडी चालवताना शेजारी योग्य सीडीएल असलेला माणूस बसलेला हवा. ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए काढणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेकडून प्रशिक्षण घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं ट्रेलर ओढत असलात तरी. किती तास, हे केंद्रीय नियमात ठरलेलं नाही, तुम्ही तयार झालात की नाही हे प्रशिक्षकच ठरवतो. सीएलपी मिळाल्यावर किमान १४ दिवस जाईपर्यंत ड्रायव्हिंगची परीक्षा देता येत नाही. परीक्षा इंग्रजीतच होते आणि दुभाषा चालत नाही.

आता खरा विचार करायचा मुद्दा. परीक्षेला स्वतःची ऑटोमॅटिक डिझेल पिकअप आणि गूसनेक नेणं स्वस्त आणि सवयीचं. पण ज्या गाडीत परीक्षा, तिच्या मर्यादा लायसन्सवर अक्षरांच्या रूपात छापल्या जातात. ऑटोमॅटिकमुळे ई, म्हणजे मॅन्युअल गिअरचं व्यावसायिक वाहन नाही. पिकअपला एअर ब्रेक नसतात म्हणून एल. जोडणी फिफ्थ व्हीलची (मोठ्या ट्रकवर ट्रेलर टेकवतात त्या थाळीची) नसल्याने ओ, म्हणजे क्लास ए लागणारं फिफ्थ व्हीलचं ट्रॅक्टर-ट्रेलर नाही. आयुष्यभर हॉटशॉटचाच, म्हणजे पिकअप-ट्रेलरने माल पोचवण्याचाच, धंदा करायचा असेल तर या तिन्हींनी काही बिघडत नाही. पण उद्या मोठ्या ट्रकवर नोकरी धरायची असेल तर एल आणि ओ आड येतील. माझं मत विचाराल तर अशा माणसाने प्रशिक्षण संस्थेचा ट्रक भाड्याने घेऊनच परीक्षा द्यावी. अक्षरं नंतर काढता येतात, पण त्यासाठी तसल्या गाडीत पुन्हा परीक्षकासमोर बसावं लागतं.

परीक्षेची सुरुवात गाडीच्या तपासणीने होते. भाग दाखवत दाखवत मोठ्याने सांगायचं असतं. ट्रेलर जोडणी, सेफ्टी चेन, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि लाइट्स तोंडपाठ करा. नुसतं बोट दाखवून गप्प राहिलात तर गुण जातात.