रितेपणातलं क्षणभराचं सुख : पार्श्वभूमी

आतून रितं झालेल्या माणसाला सुख अजिबातच भेटत नाही, असं नसतं. एखाद्या संध्याकाळी तो मनापासून हसतो आणि लगेच मनात येतं, हे कितीसं टिकणार? मग ते हसूही त्याला खोटं वाटू लागतं.

सुख टिकत नाही, ही जाण फार जुनी आहे. बौद्ध विचाराने दुःखाचे तीन प्रकार मानले. त्यातलं विपरिणाम-दुःख सुख पालटण्यातूनच येतं. तुकोबांनी सुख जवापाडे आणि दुःख पर्वताएवढे म्हटलं. माप लहान सांगितलं, पण जवाएवढं सुख नाकारलं नाही, हे मला मोलाचं वाटतं.

पुढे सूर बदलला. 1776 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सुखाचा शोध हा माणसाचा हक्क मानला. सुख मिळवायचं असेल, तर ते न मिळणं हे अपयश ठरणारच. 1896 मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी आनंद घेण्याची क्षमताच हरवण्याला 'अ‍ॅनहेडोनिया' हे नाव दिलं.

1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी 22 लॉटरी-विजेते, अपघातात अपंगत्व आलेले 29 जण आणि इतर 22 जण यांची तुलना केली. शून्य ते पाच या मापावर विजेत्यांचं सुख 4.00 होतं, इतरांचं 3.82, म्हणजे फरक नावापुरताच. उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतला विजेत्यांचा आनंद कमी झालेला दिसला. अपघातग्रस्तही तितकेच सुखी होते, असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. त्यांचा आकडा 2.96 होता. दुःखाचीही सवय होते म्हणून कुणाचं दुःख हलकं ठरवू नये.

रितेपणाबद्दल सर्वांत थेट बोलतो तो 2011 चा मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. सुखाचं महत्त्व आधी मनावर ठसवलेल्या लोकांना आनंदी चित्रफीत पाहून इतरांपेक्षा कमी आनंद झाला. आपल्याला पुरेसं बरं वाटत नाही, याचीच निराशा आड आली. संध्याकाळचं ते हसू खोटं वाटतं, ते बहुधा याच मोजमापामुळे. ते तासाभराचं होतं, एवढं मान्य केलं तर ते खरंही राहतं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नुसता स्वीकार पुरत नाही. डॉक्टरांना भेटायला हवं.